दोनदा पडूनही तिसरा कसा? फिगर स्केटिंगचे गुण असे ठरतात

बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये १० फेब्रुवारी २०२२ रोजी पुरुषांचा फ्री स्केट, म्हणजे दोन कार्यक्रमांतला दुसरा आणि लांबचा, झाला. जपानचा युझुरू हान्यू पहिल्याच उडीत पडला. दुसऱ्या उडीतही पडला. तरी त्या दिवशीच्या गुणांत तो तिसरा होता, १८८.०६ घेऊन. त्याच्या खालोखाल आलेल्या शोमा उनोला १८७.१० मिळाले. दोनच दिवस आधी शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे पहिल्या छोट्या कार्यक्रमात, हाच हान्यू एकदाही पडला नव्हता, आणि तिथे तो आठवा आला होता.

हे वाचून परीक्षकांवर संशय घ्यावासा वाटणं साहजिक आहे. पण गुणपत्रिका उघडून पाहिली की दोन्ही निकाल नियमाला धरून आहेत हे कळतं. पडणं आपल्या डोळ्यांत भरतं. गुण मात्र बहुतेक वेळा जातात ते हवेतली फेरी पाव-अर्ध्या वळणाने कमी पडल्यामुळे, किंवा उडी घेताना पातं भलत्या कडेवर कलल्यामुळे. या दोन गोष्टी समजल्या तर हा खेळ निम्मा समजला. म्हणून सुरुवात पात्यापासूनच करू.

पात्याला दोन कडा असतात

फिगर स्केटचं पातं साधारण ४ मिलिमीटर जाड असतं. त्याच्या तळाला लांबीभर पन्हळीसारखी खाच तासलेली असते, त्यामुळे बर्फाला टेकतात त्या खाचेच्या दोन बाजूंच्या धारा. पायाच्या अंगठ्याकडची ती आतली कड आणि करंगळीकडची ती बाहेरची कड. शरीर एका बाजूला कललं की एकच कड बर्फात रुतते आणि स्केटर सरळ न जाता कमानीत वळतो. दोन्ही कडा एकदम टेकवून चालणाऱ्याला ते वळण मिळत नाही, आणि जाणकार परीक्षकाच्या नजरेतून हे सुटत नाही.

पात्याला लांबीतही किंचित बाक असतो. पुढच्या टोकाला करवतीसारखे दाते असतात, त्यांना टो-पिक म्हणतात. हे दाते थांबण्यासाठी नसतात. काही उड्यांत ते बर्फात रोवून त्यावरून उसळी घेतात. नवशिके पुढे झुकले की याच दात्यांवर अडखळून तोंडघशी पडतात. धारेचंही असंच आहे. ती बोथट झाली तर उडीच्या ऐन क्षणी पाय बाजूला निसटतो, आणि गरजेपेक्षा तीक्ष्ण ठेवली तर पातं बर्फात अडकतं. म्हणून मोठ्या स्पर्धेच्या अगदी आदल्या दिवशी कोणी धार लावून घेत नाही. नव्या धारेची पायांना सवय व्हायला वेळ लागतो.

सहा उड्या, आणि त्या ओळखायच्या कशा

बहुतेक स्केटर हवेत घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात आणि उजव्या पायावर उतरतात. पुढचं वर्णन त्यांचं आहे. उलट फिरणाऱ्यांसाठी डावा-उजवा पाय बदलून वाचावा.

सहाही उड्यांचा शेवट सारखाच असतो: उजवा पाय, बाहेरची कड, पाठमोरं सरकत जाणं. म्हणून उतरताना बघून उडीचं नाव कधीच सांगता येत नाही. ते ठरतं उडी घेण्याच्या क्षणी, आणि तिथे क्रमाने काही गोष्टी तपासायच्या.

पहिली गोष्ट, स्केटरचं तोंड पुढे होतं का? सहांपैकी एकच उडी समोर तोंड करून घेतात, ती ॲक्सल. डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवरून झेप घेतली जाते. सुरुवात समोर तोंड करून आणि शेवट पाठमोरा, म्हणून तिच्यात अर्धी फेरी जास्त पडते. ट्रिपल ॲक्सल म्हणजे साडेतीन फेऱ्या आणि क्वाड, म्हणजे चौपट ॲक्सल, म्हणजे साडेचार. नॉर्वेच्या अक्सेल पॉल्सेनने ही उडी १८८२ मध्ये केली, तीही दीडच फेऱ्यांची. साडेचार फेऱ्यांची निर्दोष उडी आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदा नोंदली गेली सप्टेंबर २०२२ मध्ये, अमेरिकेच्या इलिया मालिनिनच्या नावावर. मध्ये १४० वर्षं गेली.

तोंड मागे असेल, तर दुसरी गोष्ट बघायची: मोकळ्या पायाचे दाते बर्फात रोवले का? नसतील रोवले तर उडी साल्को किंवा लूप. साल्कोत डाव्या पायाच्या आतल्या कडेवरून उडताना उजवा पाय बाजूने वळसा घेऊन पुढे येतो; तो झोका दुरूनही ओळखता येतो. लूपमध्ये उजव्याच पायाच्या बाहेरच्या कडेवरून उडून त्याच पायावर उतरायचं असतं. झेपेआधी पाय एकमेकांजवळ येतात आणि गुडघे असे वाकतात की स्केटर अदृश्य खुर्चीवर बसतोय असं वाटतं. झोका घ्यायला मोकळा पाय नाही, टेकू द्यायला दाते नाहीत. सगळा जोर एकट्या गुडघ्यातून आणि कडेतून काढायचा असतो. म्हणून लूप दिसायला साधी असली तरी साल्कोपेक्षा महाग आहे.

दाते रोवले असतील तर कुठल्या पायाचे, ते बघा. डाव्या पायाचे असतील तर ती टो-लूप, सहांत सगळ्यात सोपी. उजव्या पायाचे असतील तर फ्लिप किंवा लुट्झ, आणि इथे भल्याभल्यांची गफलत होते. दोन्हींत डाव्या पायावर पाठमोरं सरकत येऊन उजव्या पायाचे दाते रोवायचे. फरक एकच: डावं पातं आतल्या कडेवर असेल तर फ्लिप, बाहेरच्या कडेवर असेल तर लुट्झ.

एवढ्याशा फरकाला इतकं महत्त्व का? कारण बाहेरच्या कडेवर सरकताना शरीर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कमान घेत असतं, आणि हवेत फिरायचं असतं त्याच्या बरोबर उलट. आलेल्या वळणाचा काहीही फायदा मिळत नाही. उलट ते मोडून नवी फेरी उभी करावी लागते. म्हणून लुट्झसाठी स्केटर बर्फाच्या कोपऱ्याकडे लांबलचक तिरकी धाव घेत येतात. शरीराचा ओढा नैसर्गिक वळणाकडे असतो, त्यामुळे शेवटच्या क्षणी घोटा आत पडतो, पातं आतल्या कडेवर येतं, आणि लुट्झ म्हणून सुरू झालेली उडी फ्लिप होऊन बसते. जगज्जेत्यांच्याही उडीत हा दोष सापडलेला आहे.

महाराष्ट्रात ज्यांची मुलं रोलर स्केटिंगच्या वर्गाला जातात त्यांना यातली काही नावं ओळखीची वाटतील. चाकांवरच्या आर्टिस्टिक स्केटिंगमध्येही साल्को, फ्लिप, लुट्झ, ॲक्सल याच उड्या असतात आणि तिथेही कडेचं तर्कशास्त्र हेच, फक्त पात्याऐवजी चाकांचा कल बघायचा.

उडीमागून उडी

दोन-तीन उड्या सलग मारल्या की तिला कॉम्बिनेशन म्हणतात. दुसरी उडी बहुतेक वेळा टो-लूपच का असते, असा प्रश्न पडतो. उत्तर उतरण्यात आहे. पहिली उडी संपते ती उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर, आणि त्या कडेवरून थेट सुरू होणाऱ्या उड्या दोनच: टो-लूप आणि लूप. साल्को किंवा फ्लिप जोडायची असेल तर मध्ये ऑयलर नावाची एका फेरीची छोटी उडी घालतात. ती डाव्या पायाच्या आतल्या कडेवर उतरवते आणि तिथून साल्कोची वाट मोकळी होते. तीन उड्यांच्या कॉम्बिनेशनमध्ये मधली उडी चुकून घेतल्यासारखी दिसते ती हीच.

सोनाराच्या बिलासारखा हिशोब

सोनाराच्या बिलात दोन भाग असतात. सोन्याचा भाव आधीच ठरलेला असतो, त्यावर कारागिराची इच्छा चालत नाही. घडणावळ मात्र कामाच्या दर्जावर, आणि तीही बहुधा सोन्याच्या किमतीच्या टक्केवारीत. स्केटिंगमधल्या प्रत्येक उडीचा, गिरकीचा आणि पायकामाचा (पावलांच्या सलग चालींचा) हिशोब असाच आहे. प्रत्येकाचे मूळ गुण छापील तक्त्यात असतात. त्यावर दर्जाचे गुण, ज्यांना जीओई म्हणतात. फरक इतकाच की इथली घडणावळ उणेही होते.

बीजिंगच्या वेळी लागू असलेल्या तक्त्यात तीन फेऱ्यांच्या उड्यांचे मूळ गुण असे होते: टो-लूप ४.२०, साल्को ४.३०, लूप ४.९०, फ्लिप ५.३०, लुट्झ ५.९० आणि ॲक्सल ८.००. क्वाडमध्ये टो-लूप ९.५०, लुट्झ ११.५० आणि ॲक्सल १२.५०. ट्रिपलवरून क्वाडवर गेलं की गुण जवळजवळ दुप्पट होतात. स्केटर हाडं मोडून घेण्याची जोखीम का पत्करतात, त्याचं कारण या दोन ओळींत आहे.

कुठली उडी झाली, फेऱ्या पूर्ण झाल्या का, कड बरोबर होती का, हे परीक्षक ठरवत नाहीत. त्यासाठी वेगळं तांत्रिक पॅनेल असतं: दोन तांत्रिक तज्ज्ञ, त्यांच्यावर एक नियंत्रक, आणि मदतीला व्हिडिओ व नोंदी सांभाळणारे. परीक्षक, जास्तीत जास्त नऊ, फक्त दर्जा देतात, उणे ५ ते अधिक ५. उंची, लांबी, सहज उतरणं, संगीताशी मेळ यांचे अधिक. हात टेकणं, दोन पायांवर उतरणं, लांबलेली तयारी यांचे उणे. प्रत्येक पायरी म्हणजे मूळ गुणांचे १० टक्के.

आता एक ट्रिपल लुट्झ घेऊ. नऊ परीक्षकांनी समजा ३, २, ३, ४, ३, २, ३, १, ३ असे दिले. सगळ्यात वरचा ४ आणि सगळ्यात खालचा १ बाद. उरलेल्या सातांची बेरीज १९, सरासरी २.७१. एका पायरीची किंमत ०.५९, म्हणून दर्जाचे १.६० गुण. उडीचे एकूण ७.५०. कॉम्बिनेशन असेल तर मूळ गुणांची बेरीज होते, पण दर्जाची टक्केवारी त्यातल्या सगळ्यात महाग उडीवर काढतात.

पाव फेरीची किंमत

पातं बर्फाला टेकलं त्या क्षणी फेरी किती कमी होती, हे पॅनेल व्हिडिओ संथ करून बघतं. नेमकी पाव फेरी कमी असेल तर मूळ गुण शाबूत राहतात, पण दर्जात कपात होते. पावपेक्षा जास्त आणि अर्ध्यापेक्षा कमी असेल तर मूळ गुण ८० टक्क्यांवर येतात. अर्धी किंवा त्याहून जास्त कमी असेल तर एक फेरी कमी असलेल्या उडीचे गुण मिळतात. क्वाड मारायला गेलात आणि कागदावर ट्रिपल लागली. पडद्यावर या तिन्ही उड्या सारख्याच सुंदर दिसू शकतात, कारण कमी पडलेली फेरी स्केटर बर्फावर टेकल्यानंतर पात्यावर फिरून पुरी करतो. टाळ्या पडतात, आणि दोन मिनिटांनी गुण कमी दिसले की प्रेक्षागृहात कुजबुज सुरू होते. बघायचं असेल तर स्केटरच्या चेहऱ्याकडे न बघता पात्याकडे बघा: टेकताच ते मागे सरकलं की आधी बर्फावर गोल फिरलं?

कडेचंही तसंच. लुट्झ चुकीच्या कडेवरून घेतली तर ५.९० चे ८० टक्के म्हणजे ४.७२, वर दर्जातही कपात. साधी, प्रामाणिक ट्रिपल फ्लिप ५.३० ची आहे. म्हणजे चुकलेली लुट्झ मारण्यापेक्षा बरोबर फ्लिप मारलेली परवडते. कड संशयास्पद वाटली, पण ठाम सांगता आली नाही, तर मूळ गुण जात नाहीत, फक्त दर्जा घटतो.

या तपासणीत एक खरी उणीव आहे. कॅमेऱ्याचा कोन बदलला की पाव फेरी कधी जास्त दिसते, कधी कमी. सीमारेषेवरच्या उड्यांबद्दल होणारे वाद बहुतांशी इथूनच येतात, आणि ते चाहत्यांचे नुसते हट्ट आहेत असं म्हणता येणार नाही.

मग पडल्याचं नुकसान नेमकं किती?

आता हान्यूची पहिली उडी बघू. ती क्वाड ॲक्सल होती, मूळ गुण १२.५०. फेरी कमी ठरली, म्हणून ८० टक्के: १०.००. पडल्यामुळे दर्जा उणे ५, म्हणजे निम्मे गेले: ५.००. त्याशिवाय पडण्याचा वेगळा दंड १ गुण. हाती राहिले ४. पाठोपाठच्या क्वाड साल्कोतही पडला, पुन्हा १ गुणाचा दंड. बाकीचा कार्यक्रम मात्र इतका भक्कम होता की तांत्रिक गुण ९९.६२ झाले, सादरीकरणाचे (त्यांच्याबद्दल पुढे) ९०.४४, आणि दोन पडण्यांचे २ वजा होऊन १८८.०६.

पडूनही क्वाड फायद्याची ठरते, हा आक्षेप एके काळी रास्त होता. २०१८ आधी दर्जाची पट्टी उणे ३ ते अधिक ३ अशी होती आणि क्वाड लुट्झचे मूळ गुण १३.६०. पूर्ण फिरून पडलात तर दर्जाचे ४ आणि दंडाचा १ जाऊन ८.६० उरायचे, आणि निर्दोष ट्रिपल लुट्झला मूळ गुण मिळायचे ६.००. पडलेला पुढे, उभा राहिलेला मागे. २०१८-१९ च्या हंगामापासून क्वाडचे गुण उतरवले आणि दर्जाची पट्टी रुंदावली. आता तोच हिशोब असा: ११.५० मधून ५.७५ आणि १ गेले की ४.७५. निर्दोष ट्रिपल लुट्झ ५.९०. माझ्या मते गेल्या दोन दशकांतला हा सगळ्यात शहाणा बदल आहे.

पडण्याचा दंड वाढत जातो. पहिल्या दोन वेळा एकेक, तिसऱ्या-चौथ्या वेळी दोन-दोन, पाचव्यापासून तीन-तीन. वेळेची मर्यादा मोडली तर दर ५ सेकंदांना एक. निषिद्ध क्रियेला दोन. बॅकफ्लिप, म्हणजे हवेत मागे घेतलेली कोलांटी, ही अशीच निषिद्ध क्रिया होती. अमेरिकेच्या टेरी कुबित्सकाने १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये ती केली, मग बंदी आली, आणि १९९८ मध्ये नागानोत फ्रान्सच्या सूर्या बोनालीने बंदी झुगारून ती एका पायावर उतरवली. २०२४-२५ पासून बॅकफ्लिपला परवानगी आहे, पण तिला मूळ गुण नाहीत.

गिरक्या आणि पायकाम

उड्यांना पातळ्या नसतात, गिरक्यांना आणि पायकामाला असतात: मूलभूत, मग १ ते ४. गिरकीच्या मुख्य मुद्रा तीन. उभी, बैठी, जिच्यात मांडी निदान बर्फाला समांतर यावी लागते, आणि कॅमल, जिच्यात धड आणि मागचा पाय आडव्या रेषेत असतात. मुद्रा मोजली जायला त्यात सलग दोन फेऱ्या हव्यात. अवघड वळण, कड बदलणं, पाय बदलणं, एकाच मुद्रेत आठ फेऱ्या टिकवणं, अशा गोष्टींनी पातळी चढते. पाय बदलून केलेल्या मिश्र गिरकीला चौथ्या पातळीचे मूळ गुण ३.५० आहेत, जवळजवळ दुहेरी ॲक्सलइतके. एका फेरीच्या घाईने चौथीची तिसरी पातळी होते, आणि अशा दोन-तीन घाया मिळून पदक जातं.

सोपी उडीच पुन्हा पुन्हा का मारत नाहीत?

कारण एकीने ते करून दाखवलं. अमेरिकेची एलेन झायाक १९८२ मध्ये सहा ट्रिपल उड्या मारून जगज्जेती झाली, त्यातल्या चार टो-लूप होत्या. त्यानंतर नियम आला आणि आजही तो तिच्याच नावाने ओळखला जातो. फ्री स्केटमध्ये कुठलीही ट्रिपल किंवा क्वाड जास्तीत जास्त दोनदा मारता येते, आणि अशा पुनरावृत्तीच्या उड्या दोनच असू शकतात, त्यांतही क्वाड एकच. दोन्ही वेळा ती सुटी मारली तर दुसऱ्या वेळी ७० टक्केच गुण.

उड्या केव्हा मारायच्या यावरही गणित आहे. थकलेल्या पायांनी मारलेल्या उडीला १० टक्के जास्त मूळ गुण मिळतात. पूर्वी उत्तरार्धातल्या सगळ्याच उड्यांना ते मिळायचे. २०१८ मध्ये पियाँगचांगला रशियाच्या अलिना झागितोवाने फ्री स्केटमधल्या सगळ्या उड्या उत्तरार्धात ठेवल्या. तिचे आणि येवगेनिया मेदवेदेवाचे फ्री स्केटचे गुण अगदी सारखे, १५६.६५, सुवर्ण शॉर्ट प्रोग्रॅमच्या आघाडीवर झागितोवाला, फरक १.३१ चा. तिने नियमाचा पुरेपूर वापर केला, त्यात गैर काही नव्हतं. पण पहिली दोन मिनिटं उडीविना आणि पुढची दोन उड्यांनी खचाखच, ही रचना संगीताला मारक होती. त्याच वर्षी नियम बदलला: बोनस आता शॉर्टमध्ये शेवटच्या एका आणि फ्रीमध्ये शेवटच्या तीन उड्यांनाच.

कलेला गुण देता येतात का?

तांत्रिक गुणांशेजारी दुसरा डोलारा असतो सादरीकरणाच्या गुणांचा, ज्यांना कॉम्पोनंट म्हणतात. बीजिंगपर्यंत ते पाच होते, २०२२-२३ पासून तीन केले: कार्यक्रमाची रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य. प्रत्येकाला १० पैकी गुण, पाव-पाव गुणाच्या पायऱ्यांनी. मग ते ठरावीक संख्येने गुणतात, पुरुषांच्या शॉर्टमध्ये १.६७ ने आणि फ्रीमध्ये ३.३३ ने, म्हणजे वजन तांत्रिक गुणांच्या जवळपास यावं. गंभीर चूक झाली की या गुणांना वरून मर्यादा लागते.

यातला कौशल्याचा भाग बऱ्यापैकी मोजता येतो. किती कमी ढकलण्यांत किती वेग येतो, कडा किती खोल जातात, दोन्ही दिशांना सारखं वळता येतं का, हे जाणकाराला दिसतं. रचना आणि सादरीकरणात मात्र नावाचा दबदबा काम करतो. मोठ्या नावाच्या स्केटरला फिका दिवसही चांगले कॉम्पोनंट देऊन जातो, आणि सुरुवातीच्या गटातल्या अनोळखी मुलीला उत्तम दिवसही पुरेसे देत नाही. हा आक्षेप मला पटतो, आणि पाचाचे तीन करून तो मिटलेला नाही.

पण उड्या कमी म्हणून पदक नाही, असंही नाही. व्हँकुव्हरला २०१० मध्ये अमेरिकेच्या इव्हान लायसेकने एकही क्वाड न मारता सुवर्ण जिंकलं. क्वाड मारणारा रशियाचा येवगेनी प्लुशेन्को मागे राहिला, तोही १.३१ नेच. फ्री स्केटमध्ये दोघांचे कॉम्पोनंट तंतोतंत सारखे होते, ८२.८०. म्हणजे लायसेक कलेवर जिंकला ही प्रचलित समजूत चुकीची आहे. तो तांत्रिक गुणांवर जिंकला: ८४.५७ विरुद्ध ८२.७१.

परीक्षकांची सेटिंग होत नाही का?

झालेली आहे, आणि त्यातूनच ही सगळी पद्धत जन्मली. २००२ मध्ये ६.० वर आधारलेली जुनी पद्धत होती आणि परीक्षक प्रत्यक्षात क्रमांक लावायचे. त्या वर्षी सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत फ्रेंच परीक्षकावर दबावाखाली मत दिल्याचा आरोप झाला. शेवटी रशियाच्या जोडीबरोबर कॅनडाच्या साले आणि पेल्तिए यांनाही सुवर्ण द्यावं लागलं. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने त्यानंतर मूळ गुण, दर्जा आणि कॉम्पोनंट यांची आजची पद्धत आणली. ऑलिंपिकमध्ये ती पहिल्यांदा वापरली २००६ ला, तुरीनमध्ये.

वरचा आणि खालचा गुण बाद केल्याने एकट्या परीक्षकाचा हात आखडतो. दोघा-तिघांनी संगनमत केलं तर ही चाळणी पुरत नाही. मधली काही वर्षं परीक्षकांचे गुण निनावी ठेवले जायचे. त्यामुळे दबाव कमी होईल असा युक्तिवाद होता, पण झालं उलट, कोणालाच जाब विचारता येईना. २०१६ मध्ये निनावीपणा रद्द झाला. आता प्रत्येक परीक्षकाने काय दिलं ते गुणपत्रिकेत दिसतं.

न पडता आठवा

शॉर्ट प्रोग्रॅम २ मिनिटं ४० सेकंदांचा आणि फ्री स्केट ४ मिनिटांचा, दोन्हींत १० सेकंदांची सवलत. लांबीपेक्षा मोठा फरक वेगळाच आहे. फ्रीमध्ये काय करायचं ते बरंचसं स्केटरच्या हाती असतं; शॉर्टमध्ये सात गोष्टी ठरलेल्या असतात आणि अट मोडली तर त्या गोष्टीला शून्य. पुरुषांची सुटी उडी ट्रिपल किंवा क्वाडच हवी. हान्यूचं पातं उडी घेताना बर्फातल्या खड्ड्यात अडकलं, क्वाड साल्कोऐवजी एकच फेरी झाली आणि तो नीट उभा उतरला. एका फेरीची उडी अटीत बसत नाही, म्हणून शून्य. एकूण ९५.१५. पहिल्या आलेल्या नेथन चेनचे ११३.९७. हीच चूक फ्री स्केटमध्ये झाली असती तर एका फेरीचे का होईना, गुण मिळाले असते.

शॉर्ट आणि फ्रीची बेरीज म्हणजे अंतिम गुण. बरोबरी झाली तर फ्री स्केटमध्ये पुढे असलेला वर.

वयाची अट

क्वाड मारायला हवेत अरुंद होऊन अतिशय वेगाने फिरावं लागतं, आणि वयात न आलेल्या सडपातळ शरीराला ते सोपं जातं. त्यामुळे मुलींच्या स्पर्धेत पंधराव्या वर्षी शिखर आणि सतराव्या वर्षी निवृत्ती, असं चित्र दिसू लागलं होतं. बीजिंगमध्ये रशियाच्या १५ वर्षांच्या कामिला वालिएवाच्या आधीच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडीन हे खेळाडूंना बंदी असलेलं हृदयाचं औषध सापडल्याचं उघड झालं आणि प्रश्न ऐरणीवर आला. जून २०२२ मध्ये वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा १५ वरून १७ करायचं ठरलं, आणि ती टप्प्याटप्प्याने २०२४-२५ पासून पूर्ण लागू झाली. वालिएवावर जानेवारी २०२४ मध्ये चार वर्षांची बंदी आली. मर्यादा वाढवण्याला विरोध करणारे म्हणतात की यामुळे खेळाची तांत्रिक झेप खुंटेल. थोडी खुंटेलही. पण वाढत्या वयाच्या मुलीच्या कमरेवर आणि घोट्यांवर दिवसाकाठी पडणारा भार लक्षात घेतला तर ही किंमत मोजण्यासारखी आहे.

गुणपत्रिका वाचायची कशी

टीव्हीच्या कोपऱ्यात वाढत जाणारा आकडा हा तात्पुरता तांत्रिक आकडा असतो. पॅनेलने एखादी उडी पुन्हा बघायला ठेवली की कार्यक्रम संपल्यानंतर तो घटतो. तो गोंधळ नाही, तपासणी पुरी झाल्याची खूण आहे. खरी माहिती असते स्पर्धेनंतर संघटना जाहीर करते त्या गुणपत्रिकेत. तिथे प्रत्येक क्रियेची एक ओळ असते: संक्षिप्त नाव, मूळ गुण, दर्जा, मग नऊ परीक्षकांचे आकडे आणि शेवटी त्या ओळीचे गुण. नावापुढे एक कोनचिन्ह असेल तर मूळ गुण ८० टक्के, दोन असतील तर एक फेरी कमी असलेल्या उडीचे गुण. क्यू म्हणजे नेमकी पाव फेरी कमी, ई म्हणजे चुकीची कड, उद्गारचिन्ह म्हणजे संशयास्पद कड. आकड्याशेजारी एक्स दिसला तर उत्तरार्धाचा १० टक्के बोनस मिळालेला आहे. कॉम्पोनंट त्याखाली, आणि वजा केलेले दंड सगळ्यात शेवटी.